वाढत्या अंगाची काठी

मित्रांनो, मी मासे पकडायची एक काठी आहे. जुनी म्हणावी तर झिजलेली नाही, नवी म्हणावी तर अंगावरचं प्लास्टिक केव्हाच गेलं. आजवर मी एकही मासा पकडलेला नाही. जे पकडलं ते सांगायला बरं वाटत नाही, तरी सांगते.

कारखान्यात मला घडवलं ते समुद्रावरच्या थोराड माणसांसाठी. लांबी दीड माणूस, बुडाशी जाडजूड मूठ, वर नारळाएवढं रीळ. पण समुद्र राहिला बाजूला, मी येऊन उभी राहिले उल्हासनगरच्या एका दुकानात. शेजारी एक बुटकी काठी होती, लाटण्यापेक्षा हलकी. गिऱ्हाइकं तिला खेळणं समजायची आणि माझ्याकडे मान वर करून बघायची.

एके दिवशी खरवईहून अभिजीतराव आले. सोबत पत्नी संजीवनीताई आणि सहा वर्षांची किर्ती. नदीवर कुणाला तरी गळ टाकताना पाहिल्यापासून किर्तीने एकच धोशा लावला होता : मला स्वतःच्या हाताने मासा पकडायचाय. दुकानदाराने बुटकी काठी तिच्याकडे दिली. तिने ती सहज उचलली, हवेत फिरवली आणि हसली. अभिजीतरावांनी ती काढून घेतली.

"ही दोन वर्षांत लहान होईल," ते म्हणाले. "वाढत्या अंगाची दाखवा."

हा आपल्याकडचा जुना धर्म आहे, मित्रांनो. गणवेश घ्यायचा तो दुमडून शिवलेला, बूट घ्यायचे ते पुढे कापूस कोंबून घालायचे. सगळं बालपण पुढच्या इयत्तेच्या मापात काढायचं. किर्ती तेव्हाही तसल्याच बुटांत उभी होती. दुकानदाराचं काय जातंय? "साईं, ये तो कॉलेज तक चलेगा," म्हणत त्याने मला खाली उतरवलं आणि सोबत तीन टोकांचा गळ दिला. एवढ्याशा पोरीला एवढा गळ कशाला, असं संजीवनीताईंनी विचारलं. मोठ्या गळाला छोटा मासा लागतोच, छोट्या गळाला मोठा लागत नाही, असं उत्तर नवऱ्याकडून मिळालं. ते ऐकायला इतकं बरोबर वाटलं, की खरं आहे का ते कुणी बघितलंच नाही.

रविवारी आम्ही नदीवर गेलो. किर्तीने मला दोन्ही हातांनी धरलं आणि माझं टोक थेट चिखलात गेलं. मग अभिजीतराव मागे उभे राहिले. त्यांनी मला धरलं आणि सत्यनारायणाच्या पूजेला बायकोने नवऱ्याच्या हाताला हात लावावा, तसा किर्तीने त्यांच्या मनगटाला लावला. असं पुण्य बराच वेळ चाललं. मासे येत होते, गळाभोवतीची कणीक कुरतडून जात होते. गळ त्यांच्या तोंडात मावतच नव्हता.

"बाबा, मला एकटीला धरू दे ना."

त्यांनी सोडलं. मी पुढे कलले. मला सावरायला तिने एका हाताने तंगूस, म्हणजे तो नायलॉनचा दोरा, स्वतःकडे ओढला. गळ पाण्यातून सुटला, झोका घेत आला आणि तिच्या तळहातात रुतला.

ती ओरडली नाही. हात पुढे धरून नुसती बघत राहिली. गळाला उलटा काटा असतो, मित्रांनो. आत जाताना तो मुकाट जातो. काढायला गेलं की मांस धरून बसतो.

"ओढू नको, बाबा," ती म्हणाली.

घाबरलेल्या माणसाला कान नसतात. अभिजीतरावांनी ओढलं. तेव्हा मात्र ती ओरडली. संजीवनीताईंनी त्यांचा हात झटकला, दातांनी दोरा तोडला आणि तिला उचलून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी गळ काढला. जखम भरली. मला दाराआड उभं केलं. दिवाळीआधी छताची जळमटं मीच काढते. अभिजीतराव पुन्हा दुकानात गेले आणि बुटकी काठी घेऊन आले. सोबत तांदळाच्या दाण्याएवढा एक गळ. त्याचा उलटा काटा त्यांनी पकडीने दाबून सपाट केला.

किर्तीने काठी घेतली. गळ नको म्हणाली. दोऱ्याला नुसतं बूच बांधून ती गॅलरीतल्या बादलीत नेम धरते. नेम चांगला बसतो. बाबा जवळ आले, की म्हणते, "तू तिकडे उभा राहा." ते तिकडे उभे राहतात.

मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी गळ-काठी घ्यायला निघालं तर सोबत जा. आपला पंजा पुढे करा आणि म्हणा, आधी हा बघा. मोठेपणी लागणाऱ्या वस्तू मोठेपणी घेता येतात. हात मात्र आजचाच असतो.

काल अभिजीतरावांनी तो छोटा गळ स्वतःच्या बोटात टोचून घेतला आणि तसाच अलगद काढून दाखवला. किर्तीने नीट पाहिलं, मान हलवली आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. भिंतीत तिच्या खांद्याच्या उंचीला त्यांनी एक खिळा ठोकला आणि बुटकी काठी त्यावर टांगली. गळाची डबी त्यांच्या खिशात असते. ती मागेल तेव्हा द्यायची.

तिने अजून मागितलेली नाही.