शंभरची खूण

मशीन सुनेने स्वतः जोडलं होतं. मागच्या खोलीत, जुन्या टेबलावर, चार महिने खपून. कॉम्प्युटर सांगेल तसं लाकूड कोरणारं. पण कोरलेला पक्षी काही केल्या आपल्या खाचेत बसेना. बालवाडीच्या बाईंनी वीस लाकडी कोडी बनवायला सांगितली होती आणि सोमवारी नमुना दाखवायचा होता.

"शंभर मिलिमीटर जा म्हटलं की कधी कमी जातं, कधी जास्त," सून म्हणाली. "रोज सेटिंगमधला आकडा बदलते. आज जमलं नाही तर बाईंना नाही म्हणून कळवते, अहोआई. आणि हे धूड मोडूनच टाकते."

सासूबाईंनी चष्मा पुसला. कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांनी एकतीस वर्षं मापं घेतली होती. तिथे इतकी शांतता, की कुणी शिंकलं तरी सगळ्या माना वळायच्या. दाराशी उभ्या राहूनच मशीनचं दुखणं त्यांच्या ध्यानात आलं होतं. पण कारखान्यातल्या थोरल्या बाईंनी त्यांना कधी आयतं उत्तर दिलं नव्हतं. तेव्हा राग यायचा. पण जे शिकल्या, ते त्या रागातूनच.

"आकड्याला हात लावू नकोस. दहा मापं घे, कागदावर लिही, मग बोल."

"दहा?"

"आमच्याकडे वीस घ्यायचो. तू घरची म्हणून सूट."

सुनेने मशीनचा गाडा शंभरच्या खुणेवर नेला, कॅलिपरने माप घेतलं, लिहिलं. मग गाडा दोनशेपर्यंत नेऊन परत शंभरवर आणला. पुन्हा माप.

"अगं, कॅलिपर इतका आवळू नकोस. लोखंडाकडून गुन्हा कबूल करून घ्यायचाय का?"

आठव्या मापाला सून थबकली. बोट कागदावरून वरखाली फिरलं.

"अहोआई, पुढे जाताना नव्व्याण्णव पूर्णांक सहा, परत येताना नव्व्याण्णव पूर्णांक नऊ. दर वेळी! उलट फिरताना गाडा सरकवणारा स्क्रू आधी थोडा रिकामाच वळतोय. नट ढिला आहे! आणि मी बसले आकड्याला बडवत. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"उरलेली दोन घे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

नट आवळल्यावर जातायेता एकच माप येऊ लागलं, जरासं कमी. मग आकडा बदलला, एकदाच. शंभर म्हटलं की शंभर. नवा पक्षी कोरला, घासला, अंगठ्याने खाचेत दाबला. कोड्याची पाटी उलटी धरली तरी पडेना.

सासूबाईंचा मुलगा चहा घेऊन आला. "आई, तूच सांगितलंस ना काय बिघडलंय ते?"

"मी? मला हेच शोधायला पहिल्या वर्षी तीन दिवस लागले होते. इथे दुपार व्हायच्या आत काम फत्ते!"

हे त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या, की शेजारची खिडकी उघडली. "काय हो, कुणी काय केलं?"

सासूबाई गॅलरीच्या कठड्याशी गेल्या. "आमच्या सुनेने! या, बघायला या."