घरटी एक माणूस

"कोर्टात बी गजाच उभा व्हता काय रं?" सुंदरा दवाखान्याच्या दारातच कडाडली.

हरेश बाकावर पायावर पाय टाकून मोबाइल बघत बसला होता आणि त्याचा गडी गजा दवाखान्याचा ओटा झाडत होता. राब भाजायचे, पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळायचे दिवस. शेतातली काळी राख उडून रोज ओट्यावर येऊन बसायची. ती झाडायची शिक्षा हरेशला झाली होती. दारू ढोसून, लेकरांना डोस पाजायला आलेल्या बायांसमोर त्यानं सुंदराची फिनेलची बादली लाथाडली होती. वर तिला, "झाडूवाली ती झाडूवाली, तोंड वर करून बोलतेस?" म्हणून नको नको ते बोलला होता. कोर्टातल्या साहेबांनी कोठडी दिली नाही. पंधरा दिवस रोज सकाळी त्याच दवाखान्यात स्वतःच्या हातानं झाडायचं, असा हुकूम दिला. सुंदराला फार बरं वाटलं होतं. कोठडीतनं हा मेला मिशीला पीळ देतच आला असता. त्याच्या हातातला झाडू तिला एकदा डोळ्यांनी बघायचा होता, बास.

आणि हा दिवटा गडी घेऊन आला!

"सुंदरे, तोंड आवर," हरेशचे बाप कोंडाजीशेठ गाडीतनं उतरत म्हणाले. "गावकीचं काम कसं असतं? घरटी एक माणूस. बंधारा घातला तवा आमच्या घरचा कोण व्हता? गजा. देवळाला रंग दिला तवा? गजा. मंग आताच काय झालं?"

"बंधारा गावाचा व्हता, शेठ. दारू तुमचा पोरगा प्याला. ती बी गजालाच पाजायची व्हती!"

गजा खाली मान घालून फिदकन हसला.

"तुझी नोकरी पंचायतीची हाय, इसरू नको," शेठ म्हणाले. "नर्सबाई नवाला येते. सकाळी सातला तूच असतेस. कोर्टाला दाखवायच्या वहीत रोज एक ओळ लिव, काम झालं म्हणून."

नवरा नाही, पोरगी अजून शिकतेय, नोकरी गेली तर खायचं काय? पण संतापही आवरेना. एवढं मोठं घर, पंधरा एकर भात, दोन गाड्या, आणि घरात झाडू पेलणारा एक हात नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

"लिवते," ती म्हणाली. "जे दिसंल ते लिवते."

"लिव, लिव," म्हणत शेठ गाडीत बसलेसुद्धा.

हरेशनं पहिल्याच दिवशी झाडू हातात धरून फोटो काढला. 'समाजसेवा हीच ईश्वरसेवा' असं लिहून मोबाइलवर टाकला. गावातल्या शेपन्नास मेल्यांनी त्याला अंगठे दिले. पुढं पंधराही दिवस राख गजानंच काढली.

सोळाव्या दिवशी शेठ स्वतः वही घेऊन कोर्टात गेले. उघडून बघितली नाही. झाडूवालीनं लिहिलेलं शेठनं कशाला वाचावं? पण सुंदरा सातवी शिकलेली, आणि साहेबांना वाचता येत होतं. पंधरा दिवस एकच ओळ: 'आज गजाने झाडले. हरेश बाकावर बसला होता.'

पुन्हा नव्यानं पंधरा दिवस. आणि या खेपेला समोर पोलीस.

सोमवारी शेठ दातओठ खातच उतरले. "तुझ्या नोकरीचं बघतोच मी, सुंदरे."

"बघा की. ते बी वहीत लिवते."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पोरानं गजाला याही दिवशी सोबत आणलंच होतं. गजानं सवयीनं झाडूला हात घातला तसा पोलीस खेकसला, "तू बस तिकडं!"

मग हरेश वाकला. राख पुढं ढकलायची की मागं ओढायची, तेही पठ्ठ्याला कळेना. निम्मी त्याच्याच पांढऱ्या पँटवर उडाली. डोस पाजायला लवकर येऊन बसलेल्या बाया पदराआड खुसुखुसु हसत होत्या.

"गजा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "नुस्ता बघतोस काय? ये की जरा."

गजानं बाकावर पायावर पाय टाकला. "मला कुठं शिक्षा झालीय, धाकले शेठ?"

"कोपरा ऱ्हायला रं, हरेश," सुंदरानं दारातनं सांगितलं आणि वही उघडली.

'आज हरेशने झाडले. गजा बाकावर बसला होता.'