बिबड्यांच्या डब्यातला पाऊस

मला भंगारात काढायचं ज्याच्या मनात असेल त्याने आधी माझी हकीगत ऐकावी. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. सुरतेला, नवागामच्या एका खोलीत, फळीवर सगळ्यात वर बसतो. ही वरची जागा मला कोणी फुकट दिलेली नाही, मित्रांनो. माझ्या बुडाला गंज आहे, कुशीला पोचा आहे, सगळं मान्य. पण आभाळाचं काम मी माझ्या पोटात करून पाहिलं आहे. पाऊस पाडला आहे आणि बर्फही. खालच्या फळीवर नव्या स्टीलच्या डब्यांची रांग आहे. त्यांनी आजवर काय पाडलं, विचारा. चमकतात नुसते.

जन्माने मी तेलाचा डबा. पंधरा किलो शेंगदाण्याचं तेल माझ्यात होतं. ते संपलं, आणि पर्वत पाटियाजवळच्या एका पत्रेवाल्याने माझं डोकं कापलं. दुखलं, पण त्याचा हात चांगला होता. माझ्या कडा त्याने आत दुमडल्या, गोल झाकण घट्ट बसवलं, धरायला कडी लावली. तेव्हा मालतीबाई आली. खानदेशातली, शिंदखेड्याकडची. मुलगा गोपाळ सुरतेला कापडाच्या मागावर कामाला लागला म्हणून ही इथे आली. तिने मला बोटाने ठोकून पाहिलं, पाणी भरून पाहिलं, उलटं करून पाहिलं.

“लई जाओ बेन,” पत्रेवाला म्हणाला, “हवाये अंदर नहीं जाय!”

“हवा नहीं गयी तो ठीक,” मालतीबाई म्हणाली. “मुंगी गयी तो तुझ्या डोक्यावर आणून आपटीन.”

हवा आत जाणार नाही, हे तो खरं बोलला. पण आत असलेली हवा मग बाहेर कशी जाणार, हे त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. पुढचा सगळा गोंधळ तिथूनच झाला.

बारा वर्षं मी बिबडे सांभाळले. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवायची, आंबवायची, तीळ-मिरची घालून शिजवायची आणि जुन्या पातळावर पळीने घालून ओल्या हाताने पसरायची. मालतीबाई दर उन्हाळ्यात मला घेऊन माहेरी जाई, भावाच्या अंगणात बिबडे करी, उन्हातून तापलेले उचलून तसेच माझ्यात भरी, आणि मला मांडीवर घेऊन रेल्वेने सुरतेला आणी. वर्षभर बिबडा कुडकुडीत राही. गल्लीतल्या बायका म्हणत, “डबा लक्ष्मीचा आहे.” मी ऐकून घेई. खोटं कशाला बोलू, आवडायचं.

मग सत्त्याण्णव सालचा मार्च आला. मालतीबाईचा धाकटा मुलगा भिकन फौजेत होता, पार वर काश्मीरच्या डोंगरात. तो वीस दिवसांच्या सुट्टीवर आला आणि म्हणाला, “माय, तुझ्या बिबड्यांचा मी तिकडे एवढा डंका पिटला आहे, आता रिकाम्या हाताने गेलो तर पोरं मला बर्फात पुरतील.” गावाला जायला वेळ नव्हता. म्हणून पहिल्यांदाच बिबडे सुरतेला झाले, घराच्या गच्चीवर. मदतीला गोपाळची बायको वैशाली. लग्नाला सहा महिने झालेली, अमळनेरची, दहावी पास, बोलायला कमी.

दिवसभर कडक ऊन होतं. चार वाजता समुद्राकडचा दमट वारा सुटला, तसा मालतीबाईने आरडाओरडा केला, “उचला, उचला, वारा लागी!” गरम गरम बिबडे माझ्यात पडले, झाकण बसलं, वरून फडकं बांधलं. बिबडा वरून खडखडीत होता, पण पोटात अजून ओल होती. ती ओल वाफ होऊन माझ्यात फिरू लागली. डोळ्यांना दिसत नाही ती. मलाही नुसती कळत होती, पोटात कोणी हलकेच श्वास घ्यावा तशी. पहाटेच्या गारव्याने माझा पत्रा थंड झाला. थंड हवेला एवढी वाफ पेलवत नाही. ती झाकणाला जाऊन टेकली, तिचे बारीक थेंब झाले, दोन थेंबांचा एक झाला, तो जड झाला आणि खाली पडला.

मित्रांनो, तो माझा पहिला पाऊस.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैशालीने भिकनला भाजून द्यायला वरचे दोन बिबडे घाईत काढले आणि झाकण पुन्हा लावलं. चौथ्या दिवशी शेजारच्या मंगलाबाईला चव दाखवायला म्हणून मालतीबाईने मला मोठ्या दिमाखात उघडलं. बिबडे मऊ पडलेले, कडेने पांढरी बुरशी.

मंगलाबाईने एक उचलून बघितला. तो हातात लोंबला. “काय व मालतीबाई, बिबडे शेतस का पोतेरं?”

मालतीबाईचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मंगलाबाई गेली, आणि सगळा राग वैशालीवर गेला.

“हात वल्ला व्हता तुना.”

“नही आत्या. पदराला पुसून मगच काढले.”

“मग पाणी काय आभाळातून पडलं डब्यात? दहावी पास ना तू? पुस्तकात हात पुसायचं शिकवत नाहीत वाटतं! मन्हा पोरगा फौजेत तोंड काय दाखवी? आखाजीले माहेरी जाशी ना, तठेच ऱ्हाय.”

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशातल्या लेकीबाळी त्या सणाला माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. त्या सणाला जा आणि परत येऊ नकोस, असं सासू म्हणाली. वैशालीने मला मोरीत नेऊन घासलं. घासता घासता तिचे थेंब माझ्यात पडले, ते मी मोजले नाहीत. मला ठाऊक होतं तिचा हात कोरडा होता. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. डब्याच्या जन्माचं एवढंच एक वाईट.

भिकनच्या सुट्टीचे सहा दिवस उरले होते. मालतीबाईने उरलेली ज्वारी शिजवली आणि हुकूम काढला: डब्याला वैशालीने शिवायचं नाही. बिबडे पसरले मालतीबाईने, उचलले तिने, तेही तसेच चार वाजता, तसेच गरम. फडक्याला स्वतःची गाठ मारली आणि मला देवाच्या कोनाड्याखाली ठेवलं. गोपाळ म्हणाला, “माय, बाहेर पहारेकरी बसव एखादा.” तिने त्याच्याकडे डोळे वटारले. तो कामावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःची गाठ स्वतः सोडली. झाकण उचललं. खालच्या बाजूने थेंब लटकलेले होते, एका ओळीत. एक सुटला आणि टपकन तिच्या मनगटावर पडला.

तिने फडकं पाहिलं. गाठ पाहिली. मग आपलेच दोन्ही हात, आधी पालथे, मग उताणे. भिकन दाढी करत होता, तो अर्धी दाढी तशीच ठेवून बघायला आला.

मग ती मला उचलून चुलीपाशी घेऊन गेली. वैशाली भात शिजवत होती.

“हे पाणी कोठून उनं?” मालतीबाईने विचारलं. भिंतीकडे बघून विचारलं, पण विचारलं.

वैशालीने भाताच्या पातेल्यावरची ताटली उचलून उलटी धरली. ताटली थेंबांनी भरलेली होती. “याला कोणी ओला हात लावला नाही, आत्या. भातातली वाफ वर गेली, ताटली तिच्यापेक्षा गार, तिथे तिचं पाणी झालं. ढगाचंही असंच.”

“आता ढग कुठून आला मधेच?”

“उन्हाने समुद्राचं, तापीचं पाणी वाफ होतं. तापलेली हवा ती वाफ घेऊन वर चढते. वर गारवा. तिथे ताटली नाही, पत्रा नाही, मग वाफ धुळीच्या नाहीतर मिठाच्या कणाला धरून बसते. असे लाखो बारके थेंब म्हणजे ढग. थेंबाला थेंब भेटला की जड होतो. पेलवेना की पडतो.”

“मग मन्हा भावाच्या अंगणात भरले तर का नव्हता पडत?”

“तिकडची हवा कोरडी, बिबडा आतपर्यंत वाळतो. इथे समुद्र जवळ. पोटात ओल राहिली. आणि आपण गरम गरम कोंडले.”

ती “तुम्ही” म्हणाली नाही, मित्रांनो. “आपण” म्हणाली. म्हणायचं असतं तर तिला ती वेळ होती.

मालतीबाईने ताटलीच्या थेंबांवर बोट फिरवलं. मग म्हणाली, “आपण कोण? मी कोंडले. तू तर शिवलीसुद्धा नहीस.”

एवढंच. तिच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना कळलं. भाताला कढ आला. मग तिनेच आवाज चढवला, “बघत काय बसली? भात लागी! आणि आखाजीले जा माहेरी. पाचव्या दिवशी परत ये. कुरडया काय मी एकटीने करू?”

या दुसऱ्या खेपेचे बिबडे फक्त मऊ पडले होते, बुरशी नव्हती. वैशालीने त्यांना आणखी दोन दिवस ऊन दिलं. वारा सुटायच्या आधी, दुपारी दोनलाच उचलले, घरात चादरीवर पसरून गार होऊ दिले, मग भरले. झाकण लावायच्या वेळी मालतीबाई बाजूला झाली. “लाव तू,” म्हणाली.

असा मी भिकनबरोबर डोंगरात गेलो. दोन दिवस रेल्वे, मग ट्रक. माझ्यावर त्याने काळ्या रंगाने नाव लिहिलं होतं. बिबडे तर पोरांनी आठवड्यात फस्त केले, तळाचा चुरासुद्धा सोडला नाही. मग भिकन माझ्यात चहापत्ती ठेवू लागला. शेगडीवर पाणी उकळत असताना तो मला उघडी, वाफ माझ्यात शिरे, झाकण लागे, आणि तो मला बाहेरच्या गार भिंतीला ठेवी. एका सकाळी त्याने झाकण काढलं आणि बघतच राहिला. थेंब नव्हते. झाकणाच्या आतून बारीक पांढऱ्या सुया उगवल्या होत्या. गारठा एवढा, की वाफेने पाणी व्हायची पायरीच गाळली. सरळ बर्फ झाली.

त्याच दिवशी बाहेर बर्फ पडू लागला. बर्फाचं एक फूल माझ्यावरच्या काळ्या अक्षरावर येऊन टेकलं. सहा पाकळ्या, सहाही सारख्या. माझ्या झाकणात जे झालं तेच वर ढगात होतं: वाफ कणावर बर्फ होऊन बसते, पाकळ्या फुटतात, जड झालं की निघतं. वाटेत उबदार हवा लागली तर ते वितळून पाऊस होतं. नाही लागली तर तसंच फूल होऊन उतरतं. पाऊस आणि बर्फ एकाच घरच्या दोन लेकी. सासरं तेवढं वेगळं.

भिकन माझ्या कानाशी म्हणाला, “हे आपल्या मायला सांगायला पाहिजे.” पुढच्या सुट्टीत मला घेऊन घरी आला, तेव्हा त्याने सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही. वैशालीकडे बघितलं, वैशालीने मान हलवली, तेव्हा ठेवला.

आता मी थकलो आहे. माझी कडी ढिली झाली आहे. मित्रांनो, जुन्या डब्याला टाकू नका एवढंच मागतो. घासलं की तोंड उघडं ठेवून उन्हात वाळवा, आणि गरम वस्तू गार झाल्याशिवाय आमच्यात कोंडू नका. कधी आत पाणी दिसलंच, तर कोणाला बोलायच्या आधी माझं झाकण उलटं करून बघा.

मालतीबाई अजून बघते. नजर कमी झाली आहे, पण रोज सकाळी मला उघडते, झाकणाच्या आतून तळवा फिरवते आणि चुलीकडे तोंड करून सांगते, “वैशाली, कोरडं शे व.”

वैशालीने विचारलेलं नसतं. तरी ती रोज सांगते.