कागदाचा बैल

भैयाजींनी कात्रीने कागदाच्या कडेला एक चीर दिली आणि दोन्ही हातांनी तो टर्रकन फाडला. कापड असतं तर सरळ फाटलं असतं. लाल पतंगी कागद अर्ध्यातूनच तिरका पळाला.

"आबाजी, हा लट्ठा नाहीये!" गुंजन हसता हसता चटईवर आडवी झाली.

"अवं, जलमभर कापडच फाडलं पोरी. हात आयकत नाई आता. दे दुसरा ताव."

पुलगावचं कापडाचं दुकान हल्ली त्यांचा मुलगा नारायण पाहायचा. भैयाजी नाचणगावच्या घरी ओसरीवर बसून नातीसाठी तान्ह्या पोळ्याचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं मिरवतात तो, बैल करत होते. वर्तमानपत्राच्या गुंडाळीला दोरा आवळून धड झालं होतं. शर्टाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची चाकं कणकेच्या खळीने चिकटून वाळत होती. नारायणच्या मुलाकडे, अंकितकडे, लाकडी बैल होता, बापाचाच, गुडघ्याएवढा. पोरीचा बैल या घरात कधी नव्हता, म्हणून हा कागदाचा.

"झूल मोठी लागन," भैयाजी म्हणाले. "चार घड्या घाल. आता कोपरे काप. उलगड."

गुंजनने कागद उलगडला. मधोमध नक्षी उमटली होती. तिने तो डोळ्यांसमोर धरून भोकांतून आईकडे पाहिलं.

"आई पण न्यायची बैल?"

"तुही माय? छे!" भैयाजी शिंगाला खळ लावत होते. "तिले हौसच नव्हती. नारायण बैल घेऊन निघे, अन् तुही माय पुस्तक घेऊन आत बसे. मी म्हणो, बरं हाये, एक भांडण वाचलं."

बोरगाव मेघेहून पोळ्यासाठी माहेरी आलेली ज्योत्स्ना खांबाला टेकून वाचत होती. तिने पान उलटलं. ते वाचलंच नव्हतं हे लक्षात आल्यावर परत मागे घेतलं. पोरींनी बैल न्यायचा नसतो, असं लहानपणी तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच कुणावर येऊ नये म्हणून ती आधीच पुस्तक उघडायची.

"शिंगं वाकडी झाली, बाबा," ती म्हणाली.

"बैलाची वाकडीच असतात. तू मास्तरीण, तुले चूक दिसनच."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचं पाणी तापून निवलं, तरी भैयाजी उठले नाहीत. डॉक्टर आले ते फक्त नाडी पाहायला.

पोळा सुतकातच आला आणि गेला. तान्ह्या पोळ्याच्या दुपारी गल्लीतून पोरांचे घोळके मैदानाकडे निघाले. कुणाच्या बैलाला घुंगरू, कुणाच्या गळ्यात फुगे. अंकितचा लाकडी बैल फळीवर फडक्यात गुंडाळलेला होता. अंकित ओसरीच्या पायरीवर बसून येणारे-जाणारे बैल मोजत होता आणि प्रत्येकाला नावं ठेवत होता.

शेजारच्या कौशल्याबाई अंगणातच उभ्या राहिल्या.

"नारायण, गुंजनले तरी पाठव ना. पोरीची पोर हाये. तिचं गोत्र अलग, तिले कायचं सुतक?"

नारायणने मुंडन केलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "शास्त्र ठीक हाये काकू. पण या घरातून आज बैल निघन का? लोक काय म्हणतील?"

"लोक कुठी म्हणून राह्यले? तूच म्हणून राह्यला."

नारायण बहिणीकडे वळला. "ताई, तूच सांग. तुही पोर हाये. तुले त हे सारं कधी आवडलंच नाई."

गुंजनने मांडीवरच्या बैलाची दोरी बोटाभोवती गुंडाळली, मामाकडे पाहिलं, मग आईकडे.

"मला नाहीच जायचं," ती म्हणाली. "मी चित्र काढते."

तिने बैल पलंगाखाली सरकवला आणि वही शोधायला लागली. आवाज अगदी सरळ होता. कुणाला शंका येऊ नये इतका सरळ.

ज्योत्स्ना खाली वाकली. पलंगाखालून तिने बैल बाहेर काढला. झुलीचा एक कोपरा सुटला होता, तो ओल्या बोटाने दाबून बसवला.

"ती जाईल," ती म्हणाली.

"अवं, ते नाई म्हणून राह्यली ना."

"मीही नाहीच म्हणायची, नारायण."

कौशल्याबाईंनी गुंजनचा हात धरला. पोर एकदा मागे पाहून, बैल उराशी धरून, पायऱ्या उतरली. रस्त्यावर गेल्यावरच तिने तो खाली टेकवला.

माजघरात, जिथून भैयाजींना उचललं होतं, तिथे पिठावर ठेवलेला दिवा जळत होता. ज्योत्स्नाने त्यात तेल घातलं, वात पुढे केली. नारायण दारात उभा होता. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मले जायचं होतं. दरसाली जायचं होतं मले."