न उकळलेलं पाणी

धाकटी माझी जाऊ, आणि तिला या घरात आणणारी मीच. आमच्या संशोधन केंद्रात ती नवीन लागली तेव्हा मीच दिराला म्हटलं होतं, मुलगी हुशार आहे, भेटून तर बघ. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. आता घरी सासूबाई तिचं कौतुक करतात आणि केंद्रात सर. मला सुटका कुठेच नाही.

केंद्राच्या तळमजल्यावर इतिहासाचं दालन करायचं ठरलं. जमिनीत पाणी किती आहे आणि पिकाला ते कधी द्यायचं, हे माणसाला कसकसं कळत गेलं, एवढाच विषय. माझं अर्धं आयुष्य त्या पाण्यामागे गेलं, आणि सरांनी दालन दिलं धाकटीला. म्हणाले, तिची भाषा सोपी आहे. माझी काय अवघड आहे?

तिने मांडलं होतं चांगलं, हे सांगतानाही माझं पोट दुखतं. पहिल्या टेबलावर नुसती माती. पूर्वी लोक ती मुठीत दाबून बघायचे, गोळा झाला तर ओल आहे. पुढच्या टेबलावर तराजू आणि भट्टी. माती ओली तोलायची, वाळवून पुन्हा तोलायची, घटलं ते पाणी. तिथे तिने लिहिलं होतं, ‘पाणी किती आहे ते कळलं. झाडाला ते ओढून घ्यायला किती जोर लावावा लागतो, ते अजून कुणी विचारलं नव्हतं.’ हे वाक्य मला सुचायला हवं होतं. मी त्यात चूक शोधत बराच वेळ उभी राहिले. सापडली नाही.

शेवटच्या टेबलावर कुंडीत सूर्यफूल, आणि त्याच्या मुळाशी ताणमापक. म्हणजे पाण्याने भरलेली नळी, तिच्या खालच्या टोकाला भाजलेल्या मातीचा बारीक छिद्रांचा पेला, आणि वर काटा. माती सुकली की ती पेल्यातून पाणी ओढते. ती ओढ काटा दाखवतो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी दारात उभी होते. पेला कुंडीत गाडून झाला होता आणि धाकटी नळीत सरळ नळाचं पाणी ओतत होती. ते उकळून, गार करून भरायचं असतं. नाहीतर ओढ बसली की पाण्यातली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि काटा झोपतो. माझ्या जिभेवर आलं होतं. म्हटलं, नको. एकदा पडू दे तोंडघशी. आणि निघून आले.

दुसऱ्या दिवशी दालन भरलं. धाकटी पाहुण्यांना एकेक टेबल दाखवत शेवटच्या कुंडीशी आली आणि म्हणाली, “या मातीतला पेला आमच्या ताईंनी स्वतः केलाय. केंद्रातला पहिला. बाकीचे सगळे भट्टीत फुटले, हा एकच टिकला.”

कपाटात कापसात गुंडाळून ठेवलेला माझा पेला तिने शोधून काढून लावला होता, आणि मला पत्ता नव्हता.

काटा चढलेला दिसावा म्हणून मुद्दाम पाणी न दिलेल्या सूर्यफुलाची पानं लोंबत होती, वरची माती भेगाळली होती, आणि काटा शून्यावर झोपून म्हणत होता जमीन चिंब आहे. सरांनी काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म.

“पेल्याला तडा गेला असणार,” सर म्हणाले. “जुनाच तो. काढून टाका, नवा बसवा.”

त्या सगळ्या इतिहासात माझं म्हणून तेवढंच होतं.

“पेला धड आहे,” मी म्हटलं. आवाज चढलाच. “पाणी न उकळता भरलंय.”

सर माझ्याकडे वळले. “तुम्हाला कसं माहीत?”

सगळे बघत होते. तोंड उघडलं तर काय निघणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी ते उघडलं नाही.

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. मग ती सरांना म्हणाली, “काल ताईंनी सांगितलं होतं मला, सर. माझ्याच डोक्यातून गेलं.”

सरांनी प्रांजळपणाबद्दल तिची पाठ थोपटली. पाणी उकळून पुन्हा भरलं. पेला राहिला आणि संध्याकाळपर्यंत काटा चढलाही.

ती साफ खोटं बोलली होती. तेही तिला माझ्यापेक्षा चांगलं जमलं.