बत्तीस तारांचं चाक

"बाबा, ती वीणा नाहीये. चाक आहे ते."

भाविका दारात उभी राहून हसत होती. हरिचंद्रने मान वर केली नाही. ओटीवर पोतं अंथरून त्याने लेकीची नवी सायकल उलटी उभी केली होती आणि मागच्या चाकाची एकेक तार नखाने छेडत, कान तिरका करून ऐकत बसला होता.

"तू हस. मना ऐकू दे."

"ऐकून काय कळणार?"

"पंपाच्या पोटात काय चाललंय ता तरी कुठं दिसतंय? ऐकूनच कलतं."

ते मात्र खरं होतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रसायनाच्या कंपनीत हरिचंद्र सव्वीस वर्षं पंपांचा मिस्त्री होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला टेकवायची, डोळे मिटायचे. आतलं बेअरिंग सुखात आहे की कण्हतंय ते तो सांगे. इंजिनीयर मग मीटर लावून तेच सांगत. कामावरून आलं की देवळात त्याचा पखवाज. तो साथीला बसला म्हणजे कीर्तनकार निश्चिंत. देवाने कान दिला तो देवाच्या कामी लावावा, एवढं त्याचं साधं तत्त्वज्ञान.

पण त्या कानाशी त्याने एकदा बेइमानी केली होती. सात वर्षांपूर्वी एका मोठ्या पंख्याच्या घरघरीत त्याला बारीकशी किरकिर ऐकू आली. पाळी संपत आली होती. उद्या बघू म्हणून तो घरी आला. पुढच्याच पाळीत पंख्याचं पातं सुटलं आणि चंदरचा, त्याच्या जोडीदाराचा, उजवा हात कोपरापासून गेला. कोणी हरिचंद्रला बोल लावला नाही, कारण त्या किरकिरीचं कोणाला ठाऊकच नव्हतं. तेव्हापासून जे जे फिरतं त्याची त्याला धास्ती. घरातला मिक्सर, पिठाच्या गिरणीचा पट्टा, जत्रेतला पाळणा. काहीही गरगरायला लागलं की तो कान टवकारून उभा राही. आणि लेकीने वेड घ्यावं ते नेमकं दोन चाकांचं!

रविवारी घाटात सायकल शर्यतीची निवड चाचणी होती. वर चढायचं, वळून खाली उतरायचं. पोरीला चढाची काळजी होती. बापाच्या डोळ्यांपुढे फक्त उतार होता.

"मग काय ठरलं?" भाविकाने विचारलं. "शनिवारी संध्याकाळपर्यंत प्रीतमभाईला सांगायचंय."

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये प्रीतमचं सायकलचं दुकान. ही सायकल तिथलीच. त्याने भाविकाला हलक्या चाकांची एक जोडी दाखवली होती. काळी कुळकुळीत, उंच कडांची, मोजून वीस तारांची. हातात घेतली तर काही घेतलंय असं वाटू नये. सायकल घेतल्यापासून आठ दिवसांत जुनी चाकं परत करून ती बदलून मिळणार होती. अट एकच, जुन्या चाकाला तारा कसायची चावी लागलेली नको. भाविकाचा सगळा जीव त्या चाकांत अडकला होता. पण जनीने, तिच्या आईने, आधीच शब्द घेऊन ठेवला होता. बापूस हो बोलला तरच.

"इथं बत्तीस तारा हायत," हरिचंद्र म्हणाला. "तिकडं वीस. उतारावर त्यातली एक तुटली तर?"

"अख्खं जग वापरतं ती चाकं, बाबा."

"जगाचा बापूस मी नाय."

भाविका हसायची थांबली. पोत्याच्या कडेला उकिडवी बसत म्हणाली, "तू 'नाही' बोललास तर नाही लावणार, खरंच. पण घाबरून 'नाही' बोलू नको ना. बघून बोल."

ती आत गेली आणि हरिचंद्रने पुन्हा नख लावलं. मघापासून जे कानाला बोचत होतं ते आता स्पष्ट झालं. गिअरच्या बाजूच्या तारा वरच्या सुरात बोलत होत्या आणि पलीकडच्या साफ खाली. एक नाही, दोन नाही, त्या बाजूच्या सगळ्या. अर्धं चाक ढिलं! कंपनीने नवंकोरं म्हणून पाठवलेलं चाक आणि अर्धं ढिलं! याच्यावर बसून पोर घाट उतरणार होती.

हत्यारांच्या पेटीत तार कसायची चावी होतीच. हळूहळू, पाव पाव फेरा देत त्याने डावी बाजू वर आणली, उजवी जराशी उतरवली. तार छेडायची, ऐकायचं, पाव फेरा, पुन्हा ऐकायचं. जनी चहा घेऊन आली.

"अवो, चावी कशाला लावली? दुकानवाला काय बोललाय?"

"तारा ढिल्या हायत."

"मग पोरीला सांगा."

"सांगतू."

सांगितलं नाही. तोंड उघडलं असतं तर भाविका म्हणाली असती, हेच चाक खराब, मग लाव नवं. आणि ती वीस तारांची काळी चाकं तर त्याला डोळ्यांपुढे नको होती. तासाभराने बत्तीसच्या बत्तीस तारा एका सुरात बोलू लागल्या, तेव्हा त्याने देवाचं नाव घेतलं आणि गार झालेला चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी भाविका सरावाहून आली ती कपाळाला आठी घेऊन.

"मागून कोणीतरी ओढल्यासारखं वाटतंय. वळणावर मी एकीकडे आणि सायकल दुसरीकडे. चाकच बोगस आहे, नाहीतर मी बिघडलेय. बाबा, आता तरी 'हो' बोल ना."

"बघू," हरिचंद्र म्हणाला. तिची पाठ वळताच त्याने सायकल उलटी केली, तारा छेडल्या. सगळ्या एका सुरात, अगदी देवळातल्या झांजांसारख्या. पोर बहाणे करते, त्याने मनाची समजूत घातली. पण रात्रीचं जेवण काही गेलं नाही.

शनिवारी गावच्या सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. दहा वाजता काल्याचं कीर्तन. मांडव भरला होता, टाळकरी रांगेत उभे राहिले होते, बुक्क्याचा आणि झेंडूचा वास सुटला होता. हरिचंद्र पखवाज मांडीवर घेऊन कणीक मळत होता. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावायची, म्हणजे ते खर्जात बोलतं. उजवं तोंड शाईचं, ते वर बोलतं. त्याने कणीक थापली, थाप दिली, पेटीवाल्याशी उजवी बाजू जुळवली. मांडवात शिकायला बसणाऱ्यांना तो तीस वर्षं एकच सांगत आला होता. दोनी तोंडं एका सुरात लावलीस तर तो पखवाज नाय रं, तेलाचा डबा.

कणकेने भरलेला त्याचा हात तसाच थांबला.

उजवी बाजू वर. डावी खाली. ती ढिली नव्हती. ती तशीच असायची होती.

"रामकृष्णहरी!" महाराजांनी उच्चार केला, टाळ वाजू लागले आणि हरिचंद्रचे हात सवयीने चालू झाले. हातच तेवढे त्याचे होते. बाकी सगळा जीव लेकीच्या सायकलमागे होता. सकाळी निघताना भाविका म्हणाली होती, शेवटचा सराव, बारवी धरणाकडचा चढ करते, येताना उतारावर जोर काढते. किती वाजले? साडेदहा? वर पोचली असेल? खाली यायला निघाली असेल? सदऱ्याच्या खिशात फोन होता. पण काल्याच्या कीर्तनातून कोणी मधेच उठत नाही. ज्याच्या मांडीवर पखवाज आहे तो तर नाहीच नाही. त्याच्या वडिलांना भर कीर्तनात ताप चढला होता, तरी ते आरतीपर्यंत वाजवत बसले होते.

महाराज गोकुळात पोचले होते. आवाज खाली आणून, गालातल्या गालात हसत ते सांगत होते, "यशोदेला भीती वाटत नव्हती का हो? वाटायचीच. गोकुळात राक्षस का कमी येत होते! एक दिवस तिने पोराला उखळाला बांधलं. म्हणाली, आता कुठं जातोस बघते. आणि काय झालं? बांधलेलं पोर जागी राहत नाही, माउली. ते उखळ ओढत चालायला लागतं. दोन झाडं उन्मळून पडली. मग धावली माय! कोणी पाडली झाडं? पोराने? तो तर चालला होता आपल्या वाटेने. उखळ कोणी बांधलं होतं?"

मांडव हसला. टाळ झणकले आणि पखवाजाचा बोल आलाच नाही.

हरिचंद्र उभा राहिला होता. त्याने पखवाज शेजारच्या टाळकऱ्याच्या हाती दिला, महाराजांकडे बघून दोन्ही हात जोडले आणि माणसांच्या रांगांमधून वाट काढत निघाला. "काय झाला? अवो, काय झाला?" बायकांच्या बाजूने जनीचा आवाज आला. त्याला वळून बघवलं नाही. चपला न घालताच तो मांडवाबाहेर आला. कणकेची बोटं फोनच्या काचेवर घसरत होती.

घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

पुन्हा लावला. मागे कीर्तन पुन्हा सुरू झालं होतं, दुसराच कोणीतरी अडखळत ठेका धरत होता. फोन वाजून वाजून बंद झाला. त्याच्या डोळ्यांपुढे चंदरची रिकामी बाही आली. देवा, तिसऱ्यांदा उचलू दे. एवढंच. पुढचं काय वाटेल ते माझ्यावर घाल.

"हां बाबा!" वाऱ्याचा आवाज, धापा. "वर पोचले आत्ताच. पाणी पितेय. पाच मिनिटांत खाली सुटते. काय रे?"

"सुटू नको. बसू नको सायकलवर."

"का?"

"चालत ये. हातात धरून ये. टेम्पो मिलला तर टाक त्याच्यात. पन बसू नको, बाय माझी."

"अरे पण का?"

"मी चावी लावलीय चाकाला. गुरुवारी. मना वाटला तारा ढिल्या हायत. मी चुकलू."

मग ती म्हणाली, "दोन दिवस मला वाटलं माझ्यातच काहीतरी कमी आहे." आणि फोन बंद झाला.

दुपारी चारला दोघं प्रीतमच्या दुकानात उभी होती. सायकल टेम्पोत टाकून आणली होती, भाविका पुढे बसली होती आणि हरिचंद्र मागे, सायकल धरून. प्रीतमने चाक स्टँडवर चढवलं, फिरवलं, तारांवरून बोटं नेली आणि चष्म्यावरून हरिचंद्रकडे बघितलं.

"काका, कारीगरी तो एक नंबर है. दोनो साइड बराबर कसा है. बस, बराबर कसनाच नहीं था." त्याने बोटाने दाखवलं. "गिअर इकडे ना? म्हणून इकडची तार उभी, तिकडची तिरकी. इकडची टाइट, तिकडची ढिली, तेव्हा रिम मधोमध राहतो. तुम्ही तो एका बाजूला ओढून ठेवला. उतारावर वळणात सायकल झुकली असती आणि टायर फ्रेमला लागला असता, तो..." त्याने भाविकाकडे पाहिलं आणि पुढचं गिळून टाकलं.

"आता?" हरिचंद्रने विचारलं.

"आउट काढून देतो मी, रिम मधोमध आणून, पहिल्यासारखं. गॅरंटी माझी. पण एक्सचेंज नाही होणार हां आता, चावी लागली ना. ये लगाओ, नहीं तो नया खरीदो."

भाविका बापाकडे वळली. "बाबा, आईला शब्द दिलाय. तू बोल."

हीच राहू देत. एवढंच म्हणायचं होतं. चाक दुरुस्त होत होतं, बदलून मिळायची वाटही बंद झाली होती, आणि पोर बिचारी मान डोलावून घरी आली असती. कोणी त्याला नावं ठेवली नसती. शब्द जिभेच्या टोकाशी येऊन बसला होता. भिंतीवर टांगलेली ती काळी चाकं त्याला अजूनही अघोरी दिसत होती. तारांमधून पलीकडची भिंत दिसत होती, इतक्या विरळ.

"प्रीतमभाय," त्याने विचारलं, "दोनी पक्की हायत? तुमच्या पोरीला द्याल?"

"साईं, माझी भाची चालवते हेच काळं वालं. दोन्ही पक्की."

हरिचंद्र लेकीकडे वळला. "मग मना नको इचारू. मना अजून भ्या वाटतंय, खोटा नाय बोलत. उद्यापन वाटंल. पन चालवनारी तू हाइस. आयेला मी सांगतू. तू ठरव."

भाविका भिंतीकडे बघत राहिली. तो मनातल्या मनात नामस्मरण करत होता आणि आपण देवाकडे नक्की काय मागतोय ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"ती," ती म्हणाली. "काळी."

त्याने मान हलवली. पैसे कसे फेडायचे ते तिने आणि प्रीतमने आपसात ठरवलं. चाकं बसली, हवा भरली. दुरुस्त झालेली जुनी चाकं प्रीतमने सुतळीने एकत्र बांधून दिली.

"तू कसा येशील?" हेल्मेटचा पट्टा लावत तिने विचारलं.

"रिक्षानं."

ती सायकलवर बसली, पाय पेडलवर ठेवला, मग परत खाली टेकवला. "उद्या येणार आहेस ना घाटात?"

"येतू. खाली उभा राहतू. उतार संपतो तिथं."

ती गेली. हातगाड्या, कपड्यांचे गठ्ठे आणि रिक्षा यांच्या गर्दीतून तिचा पिवळा टी-शर्ट दोनदा दिसला. मग दिसला नाही.

अंबरनाथच्या शेअर रिक्षात त्याला कडेची जागा मिळाली. मांडीवर चाकं. शेजारी भाजीची पिशवी घेतलेली एक बाई बसली.

"काका, जरा तुमच्याकडे घ्या ना ती. साडीला लागेल. पंक्चर काढून आणलं का?"

"नाय. नवीच हायत. पोरीची."

"मग घेऊन कुठे चाललात?"

"घरी. तिला आता नको."

रिक्षा सुरू झाली. हरिचंद्रने चाकं छातीशी उभी धरली आणि बाईला नीट बसता यावं म्हणून तो आणखी थोडा कडेला सरकला.