व्हर्नच्या नळीतली गोळी

आर्लिस हाउगन आणि तिचा दीर व्हर्न यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, आणि मोंटानातल्या त्या काउंटीत हे कुणाला नव्यानं सांगावं लागत नव्हतं. तरी ओरिन स्लेटरनं रायफल नेमबाजीच्या सामन्यात सहाशे यार्डांच्या फेरीला दोघांची जोडी लावली. एकानं पालथं पडून नेम धरायचा, दुसऱ्यानं मागे बसून त्याचे गुण लिहायचे, मग अदलाबदल. ओरिन मैदानाचा मुख्य. माणसांची भांडणं हा त्याच्या मते वाऱ्यासारखाच हवामानाचा भाग होता.

राज्याच्या संघात एकच जागा उरली होती, आणि आज ती या दोघांतल्या एकाला मिळणार होती. आधी ती एव्हरेटची, म्हणजे आर्लिसच्या नवऱ्याची. तो जाऊन तीन वर्षं झाली होती. जागा हाउगनांच्या रक्तात राहावी असं व्हर्न कॉफीच्या प्रत्येक कपागणिक बोलून दाखवायचा. आर्लिसला ती जागा स्वतःसाठी हवी होती, आणि त्यात तिला लाज वाटत नव्हती.

सकाळी तिच्या गाडीतून काडतुसांचा डबा नाहीसा झाला. ती जेमतेम शेडपर्यंत जाऊन आली होती.

"घरी विसरली असशील," व्हर्न म्हणाला. मागे कोंडाळं होतंच. "एव्हरेट असता तर आठवणीनं ठेवला असता. घरी दारू-गोळी घालून काडतुसं तो भरायचा. तू आपली त्यानं भरून ठेवलेली संपवतेस."

लोक हसले.  या एका बाबतीत आर्लिस लग्न झाल्यापासून गप्पच होती.

नेमका सहाशे यार्डांसाठी भरलेला डबा गेला होता. तिची रायफल, त्या मैदानावरच्या सगळ्यांच्या रायफलींसारखीच, एक गोळी सुटली की पुढचं काडतूस मॅगझिनमधून आपणच ओढून घेते. भराभर मारायच्या फेरीत काडतूस मॅगझिनमध्ये मावायला हवं, म्हणून गोळी पितळी नळकांड्यात खोल बसवावी लागते. सहाशे यार्डांना मात्र काडतुसं हातानं एकेक घालतात, तेव्हा गोळी बरीच बाहेर ठेवता येते, थेट नळीच्या आत कोरलेल्या पीळदार आट्यांच्या तोंडाशी. तिथून ती सरळ जाते. पण हे आटे दारूच्या आगीनं झिजतात, दर हंगामात थोडे पुढे सरकतात, आणि आर्लिस दर वसंतात गोळी केसभर बाहेर घेत त्यांचा पाठलाग करते. हरवलेली काडतुसं तिच्या जुन्या, झिजलेल्या नळीच्या मापाची होती. तिच्याजवळ उरली ती आखूड. त्यांनी वाऱ्यात काय दिवे लावायचे ते लावले, आणि व्हर्ननं तिचे आठ आणि सात मोठ्या चवीनं लिहून घेतले.

मग तो पालथा पडला आणि ती मागे बसली. त्यानं कापडाखालून पहिलं काडतूस काढलं तेव्हाच तिनं ओळखलं. आपल्या हातचं कोण ओळखणार नाही? नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट पुरता मिटला नाही. व्हर्ननं तळव्यानं ठोकून मिटवला. त्याची नळी याच उन्हाळ्यातली, नवी कोरी, तिचे आटे अगदी अलीकडे. गोळी त्यांच्यात पाचरीसारखी बसत होती.

पहिला बार दहा. दुसरा दहा. रिकामं पितळ तिच्या गुडघ्याशी पडलं, आणि त्याच्या बुडाची ठिणगीची टोपी चपटलेली तिला दिसली. नळीतला दाब धोक्याच्या पलीकडे चढत होता. तिला हा माणूस डोळ्यासमोर नको होता, पण म्हणून त्याचा डोळाही जायला नको होता.

"व्हर्न, थांब. ही तुझ्या नळीची काडतुसं नाहीत."

"तू गुण लिही."

"तोंडावर फुटेल एखादं."

"ओरिन!" तो वळला. "ही मला खेळू देत नाहीये. हरली, आता मागे बसून कुरकुर चाललीय."

ओरिन आला. "आर्लिस, नेमबाजाशी बोलायचं नाही. आणखी एक शब्द आणि तू मैदानाबाहेर."

"त्याच्याकडची काडतुसं—"

"हा झाला तो शब्द का?"

तिनं पेन्सिल उचलली. व्हर्ननं हसत पुढचं काडतूस घातलं आणि बोल्ट ठोकला. तेवढ्यात डावीकडच्या ओढ्यातून सगळ्या जगाला आपलं समजणारी इथली हरणं वर आली आणि लक्ष्यांसमोर निवांत चरायला लागली.

"थांबा," ओरिन ओरडला. "सगळ्यांनी बंदुका रिकाम्या करा."

व्हर्न हलला नाही. "आत एक आहे. मातीत झाडून टाकतो."

"बाहेर काढ म्हटलं ना."

त्यानं दांडा ओढला. नुसतं पितळ निघालं. गोळी नळीत रुतून राहिली आणि करडी दारू भसकन सांडून रायफलीच्या पोटात गेली. आजूबाजूच्या सगळ्यांनी माना वळवल्या. नव्या नळीत असं होत नाही, स्वतःच्या मापाची काडतुसं असली तर.

ओरिननं कापड उचललं. खालचं एक काडतूस त्यानं व्हर्नच्या मॅगझिनला लावून पाहिलं. मावेना. मग ते आर्लिसच्या उघड्या रायफलीत घालून बोल्ट हलकेच मिटवला, परत उघडला. काडतूस आख्खं बाहेर आलं.

"चोरी कसली?" कुणी काही विचारण्याआधीच व्हर्न म्हणाला. "माझ्या भावानं भरलेली आहेत. त्यांच्यावर हिच्याइतकाच माझा हक्क आहे."

"एव्हरेट गेला तेव्हा ही इतकी लांब गोळी माझ्या रायफलीतसुद्धा अडकली असती," आर्लिस म्हणाली. "नळी एवढी झिजलीच नव्हती. हे या वसंतातलं माप आहे, व्हर्न. या वसंतात तो कुठून आला?"

ओरिननं काडतूस हातात फिरवलं आणि मान डोलावली. व्हर्नचं नाव त्यानं तिथल्या तिथे यादीतून खोडलं.

"त्यानंच शिकवलं तुला," व्हर्न म्हणाला.

आर्लिसला थांबता आलं असतं. जागा मिळालीच होती. पण सकाळचं ते हसू तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

"एव्हरेटनं जन्मात एक काडतूस भरलं नाही. दारू मोजताना त्याचा हात थरथरायचा. भिंतीवरची त्याची सगळी पदकं मी बसवलेल्या गोळ्यांची आहेत. मी भरते हे कुणाला सांगू नकोस म्हणायचा, म्हणून नाही सांगितलं."

 व्हर्ननं अडकलेली रायफल जमिनीवरून उचलली.

"गोळी काढायला लांब गज कुणाकडे आहे?" ओरिननं विचारलं.

गज आर्लिसकडे होता. इतकी बाहेर गोळी बसवणारीला तो जवळ ठेवावाच लागतो. तिनं गाडीतून आणून तो व्हर्नच्या पुढ्यात टाकला. त्यानं नळीच्या पुढच्या तोंडातून गज घातला, दोनदा ठोकला, आणि आट्यांचे ओरखडे उमटलेली गोळी बाहेर पडली.

आर्लिसनं हात पुढे केला.

"दे," ती म्हणाली. "माझी आहे."